सामुराई, मावळा आणि फकिरा

जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’वर गप्पा रंगल्या की कुणीतरी हमखास विचारतं, मराठीत असा दिग्दर्शक का झाला नाही? झाला की! सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर, कोल्हापुरात. भालजी पेंढारकर.

‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’, ‘नेताजी पालकर’, ‘पावनखिंड’, ‘मोहित्यांची मंजुळा’. नुसती नावं बघा. शिवछत्रपती मागं उभे असतात, पण गोष्ट बरेचदा सरदाराची, हेराची, नाहीतर कुणाच्या तरी लेकीची. पुसेगावच्या यात्रेत, सिनेमाच्या तंबूत एकीकडं बाया आणि दुसरीकडं पुरुष दाटीवाटीनं बसत. मोहिते म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढं कराडजवळचं तळबीडच यायचं. पडद्यावरची आडनावं त्याच्या भावकीतली, सोयऱ्याधायऱ्यांतली होती. (‘मंजुळा’चं संगीत ‘आनंदघन’ यांचं. म्हणजे लतादीदींचं, ज्यांचं बालपण सांगलीत गेलं. सांगलीकरांना हे पुन्हा सांगायला नको, तरी सांगतो.)

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सातारा-सांगलीकडं तेव्हा किती वाडे पेटले, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. ‘मीठ भाकर’ हा सिनेमा त्या आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला आणि १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ घेऊन उभे राहिले. त्यांचं राजकारण हिंदुत्ववादी होतं, ते पटो न पटो. पण ज्या मुलखात स्टुडिओ जळाला, त्याच मुलखाच्या पराक्रमाचे सिनेमे हा माणूस पार १९८१च्या ‘गनिमी कावा’पर्यंत काढत राहिला. फाळके पुरस्कार १९९१चा. तोवर नव्वदी उलटली होती.

योगायोग असा, की १९५२ सालीच कुरोसावांचा एक अडकलेला सामुराईपट जपानात प्रदर्शित झाला. १९४५मध्ये केलेला, पण अमेरिकी अंमलात सरंजामी निष्ठेचा म्हणून अडवलेला. आपल्याकडं इंग्रजांच्या सेन्सॉरनं शांतारामबापूंच्या ‘स्वराज्याचं तोरण’ला ‘उदयकाल’ व्हायला लावलं, त्यातलाच प्रकार. तलवार पडद्यावरची असली तरी राज्यकर्त्याला टोचते.

जपानी दिग्दर्शक पुढं एक पाऊल गेले, आपण गेलो नाही. कोबायाशींचा ‘हाराकिरी’ (१९६२) बघा. गरिबीनं गांजलेल्या तरुण सामुराईनं खरी पाती विकून म्यानात बांबूचं पातं घातलेलं असतं. बड्या घराण्याचे लोक त्याच बोथट बांबूनं त्याला पोट फाडायला लावतात, आणि वर इभ्रतीच्या गप्पा मारतात. हे बघताना अंगावर काटा येतो. इभ्रतीला असा जाब विचारणारा मावळा मराठी पडद्यावर मला दिसलेला नाही. भालजींच्याही नाही. पण त्यांच्या माणसांना घामाचा वास तरी होता. हल्लीच्या शिवपटांत संगणकावर रचलेला गड, संथ गतीतली उडी आणि कानठळ्या बसवणारे ढोल. माणूस शोधावा लागतो.

तसा मावळा पडद्यावर नसला, तरी सांगली जिल्ह्याच्या कागदावर आहे. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंचा फकिरा. मांग समाजातला, हातात तलवार, दुष्काळात भुकेल्या वस्तीसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा. ‘सेव्हन सामुराई’मधले लढवय्ये भाताच्या बोलीवर गावासाठी लढतात. तिथंही मुळात पोटाचाच प्रश्न आहे. कादंबरी १९५९ची, तिला राज्य पुरस्कार मिळाला, १९६३मध्ये सिनेमाही निघाला. पण त्याची आठवण काढतो कोण?

शिवपटांवर कोटी-कोटी ओतणाऱ्या निर्मात्यांनी एकदा फकिराला हात घालावा. गड उभारायचा खर्च नाही. वारणेचं खोरं आहे तिथंच आहे, आणि तलवार धरायला येणारी पोरं वाटेगावातच मिळतील.