झीलकऱ्यांची बाजू

पापनाशम स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात दोन म्हातारे गृहस्थ तावातावाने भांडत होते. एम. के. त्यागराज भागवतर मोठे की पी. यू. चिन्नप्पा, हा वाद. दोघेही तमिळ पडद्यावरचे गायक-नट, दोघांच्याही ऐन भराचा काळ १९४० च्या आसपासचा. भांडणाऱ्यांपैकी एकाचेही वय त्या काळी थिएटरात जाण्याचे नव्हते. वाद वारशाने आलेला होता. एकाचे वडील भागवतरांचे, दुसऱ्याचे चिन्नप्पांचे. मी महाराष्ट्रातली, तमिळवरून मराठीत अनुवाद करणारी, शेजारच्या बाकावर बसलेली. तेव्हा पंच म्हणून मलाच ओढले. "अम्मा, तुम्ही बाहेरच्या. तुम्ही सांगा."

मी विचारले, "दोघांच्या तोंडची गाणी लिहिली कुणी?"

एकाने हात झटकला. "ते शिवन. ते काय, आपल्याच गावचे." आणि वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

हा लेख त्या झटकलेल्या हाताविरुद्ध आहे. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी कॉफीचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. पण ज्या गावाचे नाव पापनाशम शिवन यांनी आपल्या नावापुढे जन्मभर वागवले, त्याच गावात त्यांची वासलात 'ते काय' या दोन शब्दांत लागत असेल, तर 'सर्वांत मोठा कोण' हा प्रश्नच तपासून पाहायला हवा.

शिवन यांचे मूळ नाव रामय्या. जन्म १८९० चा, पोलगम गावचा. बालपण आणि संस्कृतचे शिक्षण त्रावणकोरात. थोरले भाऊ पापनाशमला राहत, म्हणून त्यांचे इकडे येणे झाले. अंगभर भस्म लावून देहभान हरपून गाणाऱ्या या माणसाला याच भागातल्या लोकांनी 'शिवन' म्हणायला सुरुवात केली. पुढे सिनेमा आला. 'अंबिकापती' (१९३७), 'अशोक कुमार' (१९४१), 'शिवकवी' (१९४३), 'हरिदास' (१९४४) हे भागवतरांचे गाजलेले चित्रपट, आणि त्यांतली गाणी शिवन यांची. 'हरिदास' मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात लागला आणि तीन दिवाळ्या पाहूनच उतरला. आईबापांना विसरलेला आणि मग त्यांच्याच सेवेत देव पाहणारा त्याचा नायक पाहताना मराठी प्रेक्षकाला आपला पुंडलिक आठवल्याशिवाय राहणार नाही. तिकडे चिन्नप्पांचा 'जगतलप्रतापन' त्याच १९४४ सालचा. त्यातले एक दृश्य अजून सांगितले जाते: गाणारे चिन्नप्पाच, आणि साथीला बसलेले वादकही चिन्नप्पाच. त्याही चित्रपटाची गाणी शिवन यांचीच. म्हणजे ज्या दोघांवरून घराघरांत दोन तट पडले, ते दोघे एकाच माणसाने दिलेले शब्द गात होते.

हा काही तमिळांचाच दोष नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या वसतिगृहात न्यू वेव्हच्या कॅसेटी फिरत. सर्वांत थोर 'फ्रंटमन' कोण, यावरून रात्री जागवल्या जात. टॉकिंग हेड्सचा डेव्हिड बर्न, क्युअरचा रॉबर्ट स्मिथ, जॉय डिव्हिजनचा इयान कर्टिस. मी डिपेश मोडच्या डेव्ह गहानची बाजू लढवत असे. तो शब्द असा म्हणतो की ते त्याचेच वाटतात, हा माझा हुकमी मुद्दा. १९८१ च्या पहिल्या अल्बमनंतर त्या बँडची बहुतेक गाणी मागे कीबोर्डशी उभा असणारा मार्टिन गोर लिहीत आला आहे, हे मला फार उशिरा कळले. कार्सचे 'ड्राइव्ह' हे गाणे रिक ओकासेकने लिहिले, गायले बेंजामिन ऑरने. पुष्कळांना आजही ते ओकासेकच्याच आवाजात ऐकू येते. ब्लाँडी हे एका बाईचे नाव नसून सबंध बँडचे आहे, हे सांगण्यासाठी त्या मंडळींना बिल्ले वाटावे लागले. पुढच्या माणसाकडे एकदा नजर लागली की शब्द, चाल, ताल, सगळे त्याच्याच खात्यावर जमा होते.

आपल्याकडे तरी काय वेगळे झाले? बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर मराठी माणसाने किती रात्री घालवल्या! जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. त्या रात्री कोण कुणावर चढले, याच्या कथा अजून रंगवून सांगितल्या जातात. त्या प्रयोगात दोघांच्या तोंडी खाडिलकरांचीच पदे होती आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्याच होत्या, हे कुणी मुद्दाम सांगत नाही. टेंब्यांनी ज्या ठुमऱ्यांवरून चाली बांधल्या, त्या उत्तरेत गाणाऱ्या बायांची गोष्ट तर दूरच.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. गाणे म्हणजे अखेर आवाजच. कागदावरची ओळ कुणाच्या डोळ्यांत पाणी आणत नाही. भागवतर नसते तर शिवन यांची गाणी इतकी दूर गेली नसती. खरे आहे. पण भागवतर जिथे सूर लांबवतात, तिथे आधीच एक दीर्घ स्वर ठेवलेला असतो. तो कवीने ठेवलेला. तमिळ पद्यात ओळीओळीच्या आरंभी दुसरे अक्षर जुळवतात. त्याला एदुगै म्हणतात. गायक ओळ पुन्हा घेतो तेव्हा ऐकणाऱ्याचा कान त्या अक्षराची वाट पाहत असतो. मराठीत यमक शेवटी येते, तमिळमध्ये ही खूण सुरुवातीलाच पडते. ती मराठीत आणताना मी कैक वेळा हरले आहे, म्हणून ठामपणे सांगते: ती आपोआप पडत नाही. कुणीतरी बसून ती घडवलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. या शर्यतीत पुढचा माणूसही सुखी राहत नाही. सगळे त्याच्या खात्यावर जमा करणारे लोक वेळ आली की सगळे त्याच्याच नावावर खर्चीही टाकतात. भागवतरांना १९४४ च्या अखेरीस लक्ष्मीकांतन खून खटल्यात अटक झाली. शिक्षा झाली, प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९४७ मध्ये ते निर्दोष सुटले. पण गेलेली गर्दी परत आली नाही. त्यानंतरचे चित्रपट पडत गेले आणि १९५९ मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. चिन्नप्पा १९५१ मध्येच, पस्तिशीत गेले. केशवराव तर संयुक्त मानापमाननंतर तीन महिन्यांत. मरणाचे खापर मी रसिकांवर फोडत नाही. पण माणसाला एकट्याला उचलून धरायचे आणि एकट्यालाच खाली ठेवायचे, ही सवय मात्र आपली आहे.

विशेष म्हणजे याच मातीत याहून शहाणी रीत होती, आणि तिच्यात आपलाही वाटा आहे. पापनाशमपासून पंचवीसेक किलोमीटरवर तंजावर. तिथे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर रामचंद्रबुवांची मराठी कीर्तने तिथल्या लोकांनी ऐकली. त्यातून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला घाट दिला आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ कथेत जाऊन बसले. सी. सरस्वतीबाई ही कथा घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा बाईने कथा करू नये म्हणणाऱ्यांशी त्यांना झगडावे लागले. या हरिकथेत कथेकऱ्याच्या मागे गाणाऱ्याला नाव आहे: पिन्पाट्टु, म्हणजे मागचे गाणे. आपल्या पोवाड्यात तो झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतो, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. झील नसेल तर शाहीर दहा मिनिटांत बसेल. त्या रचनेत मागच्याचे काम सर्वांना ऐकू येते आणि त्याला शब्दही आहे. 'फ्रंटमन'ला मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा हा जुना शब्द वापरात आणावा, असे मला वाटते.

आणि शिवन स्वतः पुढे उभे राहत नव्हते असे थोडेच? 'त्यागभूमी'त (१९३९) त्यांनी शंभु शास्त्र्यांची मुख्य भूमिका केली. मार्गळी महिन्यात मैलापूरच्या माडवीथींतून पहाटे भजन निघे, तेव्हा सर्वांत पुढे तेच असत. पण तिथे पुढच्याने ओळ म्हणायची ती मागच्यांनी म्हणावी म्हणून. ऐकणारा आणि गाणारा असे दोन तट तिथे पडत नाहीत, मग मोठा कोण हे ठरवायचे कुणी आणि कशासाठी?

यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करते. माझा एक अनुवाद प्रसिद्ध झाला तेव्हा मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव होते, प्रस्तावनाकाराचे होते. माझे नाव आत, छपाईच्या तपशिलांत, कागद पुरवणाऱ्याच्या वर होते. विचारल्यावर उत्तर आले, "मॅडम, वाचक लेखकाला बघून घेतो." मीही झीलकरीच. पण स्वार्थ असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. वाद घाला, मजा येते, मीही घालीन. पण गायकाचे नाव घेतले की कवीचे आणि चाल बांधणाऱ्याचेही घ्या. आठवत नसेल तर शोधा. आणि अनेक भाषांतून चालणाऱ्या या नियतकालिकासारख्यांनी सुरुवात आपल्या घरापासून करावी: प्रत्येक अनुवादित कवितेखाली, कवीच्याच टाइपात, अनुवादकाचे नाव.

कुंभकोणमची गाडी आली तेव्हा दुकानातला वाद अजून मिटला नव्हता. मी निघाले तसे चिन्नप्पांच्या बाजूचे गृहस्थ मागून म्हणाले, "अम्मा, शिवनना धरले तर बरोबरी होते ना?" भागवतरांच्या बाजूचे लगेच उसळले. बरोबरी त्यांना मान्य नव्हती. पण शिवन यांचे नाव एकदाचे वादात आले होते.