लेकीची ‘नीट’ आणि आपले काम

पालकहो, विश्रांतवाडीतल्या आपल्या लेकी ‘नीट’च्या तयारीला लागल्या आहेत. परीक्षा 720 गुणांची. त्यात जीवशास्त्र निम्मे. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच, तेव्हा महागड्या नोट्सआधी एनसीईआरटीची पुस्तके ओळन् ओळ वाचू द्या. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. अंदाजाने ठोकू नये. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण तसे अर्जातच भरावे लागते.

अभ्यास लेकीचा, कागद आपण जमवायचे. राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते. अर्ज अकरावीतच करा. समितीचे कार्यालय इथल्याच सामाजिक न्याय भवनात आहे. पुरावा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा हवा, म्हणजे गावच्या शाळेत आजोबांचा दाखला शोधणे आले. धर्मांतर 1956 चे, त्यामुळे दाखल्यावर जुनीच जात असेल. बिचकू नका, समितीला तीच नोंद पाहायची असते.