‘काहून’चा रकाना

मे महिन्यातली अमरावती. बाहेर पंचेचाळीस अंशांचा पारा, आत कूलरचा आवाज आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली बुद्धिबळाची दोन जुनी यंत्रे. एक आमचे. दुसरे अकोल्याच्या एका ज्येष्ठ खेळाडूने टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून, रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत आणलेले. वीस-पंचवीस वर्षे ते त्यांच्या कपाटात पडून होते. आतले सेल फुटून पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढला होता. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने तो पुसून काढायला अर्धी सकाळ गेली. मग दिवे लागले.

ही यंत्रे ज्यांनी पाहिलेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोहरे उचलण्याआधी त्याचे घर हलकेच दाबायचे, मग ते जिथे जाणार ते घर दाबायचे. यंत्र विचार करते आणि पटाच्या कडेचे दोन लाल दिवे लावून आपली चाल दाखवते. ती चाल आपण हाताने दुसऱ्या पटावर करायची, तिथले उत्तर पुन्हा इकडे आणायचे. अशी ने-आण आमच्या बुद्धिबळ शिबिरातली मुले करत होती. चालीला तीस सेकंद ठेवले, तर साठ चालींचा डाव व्हायला तासभर लागतो. एवढा वेळ ही मुले एका डावासमोर बसली, हीच आम्हाला मोठी गोष्ट वाटली.

मध्यडाव संपत आला होता. वजीर आणि हत्ती पटावरून गेलेले. पांढऱ्याच्या यंत्राने उंट लांबून आणून ए7 वरचे प्यादे मारले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, प्यादे फुकटच मिळाले होते. काळ्याने शांतपणे बी6 खेळून दार लावून घेतले. बी8 वर काळ्या घोड्याचा पहारा होताच. आता काळा राजा एकेक घर चालत येणार आणि कोपऱ्यात अडकलेला उंट उचलून नेणार, हे मोठ्यांना दिसले. यंत्राला मात्र अजून दिसले नव्हते. राजा जवळ आल्यावर यंत्राने एक प्यादे पुढे ढकलून दिले, मग दुसरे. घरावर जप्ती येणार हे कळलेला माणूस भांडीकुंडी विकून एकेक दिवस पुढे ढकलतो, तसे.

एव्हाना मोबाईल बाहेर आले होते. त्यांवरच्या स्टॉकफिश इंजिनने क्षणात आकडा दाखवला. ए7 वरची ती चाल लाल, शेजारी दोन प्रश्नचिन्हे. मुलांचे समाधान झाले आणि ती पुढच्या चालीकडे वळली. अकोल्याची आठवीतली एक मुलगी तेवढी अडून बसली. ‘ते तं दिसलं सर, चूक हाय म्हून. पण त्यानं केली काहून?’

आमच्या प्रशिक्षक बांधवांना आज एवढेच सांगायचे आहे: विश्लेषणाची सुरुवात या ‘काहून’पासून झाली पाहिजे. इंजिन आकडा देते, बरी चाल देते, पण कारण देत नाही. कारण शोधणे हे आपले काम, आणि ते शिकवायला या दोन यंत्रांच्या डावाइतके चांगले साहित्य आमच्या पाहण्यात नाही.

असे का म्हणतो? मुलाच्या स्वतःच्या डावातली चूक उलगडणे अवघड असते. त्याने घाईत खेळले, घाबरून खेळले, शेजारच्या पटावर भाऊ हरताना पाहिला, की खरेच त्याला दिसले नाही? चार कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि विचारले तर मूल आपल्याला आवडेल ते उत्तर देते. शिवाय चूक दाखवली की त्याला लागते. यंत्राला थकवा नाही, भीती नाही, आणि त्याच्या चुकीची चिरफाड केली म्हणून कोणाचे डोळे भरून येत नाहीत. त्याची चूक घडते ती एक तर नजर पुरली नाही म्हणून, किंवा स्थितीचा भाव ठरवण्यात ते चुकले म्हणून, नाही तर ती गोष्ट त्याला कोणी शिकवलीच नव्हती म्हणून.

त्याहून मोठी सोय म्हणजे यंत्राला पुन्हा विचारता येते. त्या दुपारी आम्ही तेच केले. ए7 घेण्याआधीची मांडणी पुन्हा लावली आणि चालीला तीस सेकंदांऐवजी तीन मिनिटे दिली. तेच उत्तर. मग जेवायला गेलो आणि यंत्राला विचार करत ठेवले. परत आलो तेव्हा उंट जागच्या जागी होता आणि दिवे दुसऱ्याच चालीवर लागले होते. म्हणजे चूक नजरेची होती. उंटाने प्यादे घेतल्यापासून राजाने उंट घेईपर्यंत दोन्ही बाजूंच्या मिळून दहा चाली होत होत्या. यंत्राला तीस सेकंदांत तेवढे लांबचे दिसत नव्हते, तासाभरात दिसले. याला हान्स बर्लिनर यांनी 1970च्या दशकात क्षितिजाचा परिणाम असे नाव दिले. वाईट गोष्ट क्षितिजापलीकडे असेल तर यंत्राच्या लेखी ती नाहीच. आणि क्षितिजाच्या आत येऊ लागली की मधे काहीबाही फेकून ते तिला पुन्हा पलीकडे ढकलते. प्यादी का दिली, याचे उत्तर मुलांना तिथेच मिळाले. नाव आम्ही नंतर सांगितले.

तासभर देऊनही चाल बदलली नसती, तर कारण दुसरीकडे शोधावे लागले असते. हा प्रयोग कोणत्याही प्रशिक्षकाला करता येतो. त्याला फक्त वेळ लागतो.

नजर पुरत नाही म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण प्याद्यांच्या डावात सापडते. रूबेन फाइन यांच्या 1941च्या पुस्तकातली 70 क्रमांकाची मांडणी लावून पाहा. पांढरा राजा ए1, प्यादी ए4, डी4, डी5, एफ4. काळा राजा ए7, प्यादी ए5, डी6, एफ5. मुळात ही लास्कर आणि राइकहेल्म यांनी 1901 मध्ये अभ्यासलेली रचना. उत्तर आहे राजा बी1. पुढे घुसायचे असताना कडेकडेने सरकणारी चाल! प्यादी सगळी अडलेली, फिरतात ते दोन राजेच, आणि त्याच त्या मांडण्या वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. पाहिलेली मांडणी लक्षात ठेवण्यापुरती स्मृती ज्या यंत्रात नाही, ते प्रत्येक वेळी तीच गणिते नव्याने करत बसते आणि पोहोचत नाही. आजचे इंजिन पाहिलेल्या मांडण्या साठवून ठेवते, म्हणून उत्तर चटकन देते. मुलांना आधी जुन्या यंत्रावर ही मांडणी देऊन पाहा, मग कागदावर राजांची जोडीची घरे काढायला लावा आणि शेवटी इंजिन उघडा. क्रम हाच ठेवा. उलटा ठेवलात तर मूल ‘बी1’ पाठ करेल आणि दुसऱ्या दिवशी विसरेल.

स्थितीचा भाव ठरवण्यातल्या चुकीविषयी एक सावधगिरी. ज्या जुन्या यंत्रांना पडदा आहे त्यांवर आपला हिशेब दिसतो, समजा अधिक 1. त्याचा अर्थ साधारण एका प्याद्याची आघाडी. स्टॉकफिशच्या 15.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2022च्या अखेरीपासून, तिथल्या अधिक 1 चा अर्थ वेगळा झाला आहे. त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के, असे ते माप बसवलेले आहे. दोन्ही आकडे शेजारी मांडून फरक काढणारे प्रशिक्षक आम्ही पाहिले आहेत. अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव क्विंटलने बोलतात आणि रुईचा खंडीने. दोन्हींची वजाबाकी करून कोणी नफा काढत नाही. इथेही काढू नये. अचूकतेच्या टक्क्यांचेही तसेच. जुनी यंत्रे मारामारीत क्वचित चुकतात, म्हणून टक्केवारी भरघोस येते. मधल्या पंधरा चालींत त्यांनी काहीच योजना न करता हत्ती इकडून तिकडे नेला, हे मात्र त्या टक्केवारीत दिसत नाही. तिथे डोळ्यांनीच पाहावे लागते.

यंत्रांचे डाव यंत्रांशी लावून तपासणे हा काही रिकामटेकड्यांचा छंद नव्हता. स्वीडनमधली संगणक-बुद्धिबळ संघटना 1980च्या दशकापासून हेच करत आली. तिच्या सभासदांनी घरोघरी दोन यंत्रे समोरासमोर ठेवून, स्पर्धेचा पूर्ण वेळ देऊन, हाताने चाली फिरवत हजारो डाव लावले आणि त्यांतून गुणांकनाची यादी उभी केली. फिडेलिटी, नोव्हॅग, मेफिस्टो, सायटेक ही यंत्रे एकमेकांच्या तुलनेत जगाला कळली ती त्या यादीमुळे. ज्या फ्रान्स मोर्श यांचा प्रोग्राम 1990च्या दशकात सायटेकच्या छोट्या यंत्रांत बसला, त्यांनीच 1991 मध्ये बाजारात आलेला ‘फ्रिट्झ’ लिहिला, आणि आपल्यातल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांनी पहिले संगणकी विश्लेषण त्या ‘फ्रिट्झ’वर केले. तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो, दोघे एकाच हातचे.

कारण न शोधता यंत्राच्या चालीला अर्थ चिकटवला की काय होते, ते 1997च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला दिसले. डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्ह यांच्याविरुद्धच्या पहिल्या डावात 44व्या चालीला हत्ती डी1 वर नेला. पटावर त्या चालीला काही अर्थ नव्हता. त्या चमूतले मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले की प्रोग्राममधल्या दोषामुळे यंत्राला निवड करता आली नाही आणि त्याने कुठलीही एक चाल उचलली. तो डाव कास्पारोव्ह जिंकले, पण त्या चालीमागे खोल हिशेब असावा असा समज त्यांच्या गोटात झाला. दुसऱ्या डावात मात्र त्यांनी अशा स्थितीत राजीनामा दिला, जिथे वजिराच्या शहांनी बरोबरीची वाट उरली होती. त्यांच्याच माणसांनी संगणकाच्या मदतीने ती नंतर शोधून काढली. समोरचे यंत्र चुकले असेल, हे मानायला त्यांचे मन त्या वेळी तयार नव्हते, असे आम्हाला वाटते. जगज्जेत्याचे हे होते, तर मोबाईलवरचा आकडा पाहून आपली बारा वर्षांची मुले मान खाली घालतात यात नवल नाही.

आणि ती घालतात. आपल्या भागातल्या कोणत्याही स्पर्धेच्या दालनाबाहेर उभे राहा. मूल बाहेर येते, पालकाच्या हातात मोबाईल तयार असतो, डाव भरला जातो, लाल खुणा मोजल्या जातात आणि पाच मिनिटांत निकाल लागतो: ‘सात चुका केल्यास.’ मुलाने त्या डावात पहिल्यांदाच तीन तास टिकाव धरला, हे कोणी विचारत नाही. अमरावतीने स्वप्नील धोपाडे यांच्या रूपाने ग्रँडमास्टर दिला. शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 2025च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून पालकांची घाई वाढली आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण तिला आवर घालायला आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.

म्हणून आम्ही आमच्या वर्गातल्या डावाच्या कागदावर, पांढऱ्या आणि काळ्याच्या चालींशेजारी, तिसरा रकाना आखून घेतला आहे. त्याचे नाव ‘काहून’. डाव झाला की प्रत्येक मुलाने, आपल्याला खटकलेल्या तीन-चार चालींसमोर पेन्सिलीने कारण लिहायचे: लांबचे दिसले नाही, प्याद्याची हाव, राजाकडे पाहिले नाही, माहीतच नव्हते. रकाना भरेपर्यंत इंजिन बंद. नंतर उघडायचे ते डावाच्या शेवटाकडून मागे येत, म्हणजे पुढचे पाहिलेले मागच्या चालीला कामी येते. एकच ओळ न पाहता तीन ओळी पाहायच्या, कारण पहिल्या आणि तिसऱ्या चालीत पुष्कळदा नावापुरताच फरक असतो. पहिले चार आठवडे फक्त यंत्रांचे डाव. मुले आपले डाव याच कागदावर आपणहून लिहू लागतात, त्यांना सांगावे लागत नाही.

ज्यांच्या घरी असे यंत्र कपाटात असेल त्यांनी ते बाहेर काढावे. सेल आधी काढून टाका. अ‍ॅडॅप्टर लावण्यापूर्वी व्होल्ट आणि टोकांची अधिक-उणे दिशा यंत्राच्या पाठीवर छापलेल्या खुणेशी ताडून पाहा. दिशा उलटी लागल्याने आमचे एक चांगले यंत्र कायमचे गेले, ती हळहळ अजून आहे. डाव लावताना पातळी, चालीचा वेळ आणि सुरुवातीच्या चालींचा साठा चालू की बंद, हे कागदाच्या माथ्यावर लिहा. नाही तर प्रयोग पुन्हा करता येत नाही. यंत्र नसेल तर मेम या मुक्त प्रणालीत अशा अनेक जुन्या यंत्रांचे वर्तन संगणकावर जसेच्या तसे उभे करता येते. पण घरे दाबण्यातली आणि दिव्यांची वाट पाहण्यातली सक्तीची सावकाशी तिथे मिळत नाही, आणि आम्हाला ती सावकाशीच हवी आहे.

त्या दुपारचा पूर्ण डाव या अंकात छापला आहे. इंजिनचा एकही आकडा त्यात नाही. अकोल्याच्या त्या मुलीचा कागद समोर ठेवूनच तो जुळवला. उंटाने ए7 घेतले त्या चालीसमोर तिने लिहिले आहे, ‘राजा लांब होता म्हणून त्याला जवळ वाटला नाही.’ पुढे तीन चालींसमोरचा रकाना तिने कोरा ठेवला आहे आणि आम्हीही तो तसाच ठेवला आहे. आपापल्या वर्गात, मोबाईल बाजूला ठेवून, मुलांकडून त्या तीन जागा भरून घ्या आणि कागद आमच्याकडे पाठवा.