मत्स्यपेटीतील कर्बवायू आणि माशांचा श्वास

जलवनस्पतींनी भरलेल्या मत्स्यपेटीस कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, पुरवावयाचा असेल तर पाणी गाळण्यासाठी सम्प वापरू नये, असे मत छांदिष्टांमध्ये बरेच रूढ आहे. पेटीखालच्या कपाटात काचेची दुसरी टाकी ठेवावयाची, वरचे पाणी नळीवाटे तीत सोडावयाचे आणि तेथे गाळून ते पंपाने पुन्हा वर चढवावयाचे, ही सम्पची रचना होय. पाणी खाली पडताना खळबळते व त्यातील वायू हवेत निघून जातो, हा या मताचा आधार आहे. आधार खरा आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. वायूच्या नाशाची चिंता जेवढी केली जाते, तेवढी त्याच्या अतिरेकाची केली जात नाही. आणि मासे मरतात ते अतिरेकामुळे.

रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. सोनमासे, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकाच पात्रात नांदू शकतात, हे त्याने दाखविले. मात्र प्रखर दिव्याखाली दाट वनस्पती वाढवावयाच्या असल्यास माशांच्या श्वासातून मिळणारा कर्बवायू अपुरा पडतो. हवेच्या सान्निध्यात असलेले पाणी २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम कर्बवायू धारण करते. छांदिष्ट मात्र २० ते ३० मिलिग्रॅमची अपेक्षा ठेवतात. विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हा अधिकचा वायू सतत हवेकडे धाव घेणारच. सम्प ही धाव केवळ जलद करतो.

ती मंद करणे अवघड नाही. उतरणीची नळी पाण्याने पूर्ण भरून वाहील, म्हणजे तिच्यात हवा ओढली जाणार नाही, अशी व्यवस्था करावी. नळीचे तोंड खालच्या टाकीतील पाण्यात बुडालेले असावे. पाणी पडण्याची उंची कमी ठेवावी आणि टाकीवर झाकण घालावे. यापुढे जाऊन सारे हवाबंद करण्याचा हट्ट मात्र धरू नये. ज्या पृष्ठभागावरून कर्बवायू जातो, त्याच पृष्ठभागावरून प्राणवायू आत येतो. आपल्या उष्ण देशात याला विशेष महत्त्व आहे. कारण २५ अंशांस लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करणारे पाणी ३० अंशांस सुमारे ७.५ मिलिग्रॅमच धारण करते. एक वायू वाढला म्हणजे दुसरा हटतो, ही समजूतही बरोबर नाही. दोन्ही वायू आपापल्या दाबानुसार विरघळतात. तथापि पाण्यात कर्बवायू अति झाला, तर माशांच्या रक्तातील कर्बवायू कल्ल्यांवाटे बाहेर पडू शकत नाही, आणि पाण्यात प्राणवायू असूनही ते तडफडतात.

खरा धोका येथेच आहे. पेटीतील कर्बवायूचे प्रमाण म्हणजे एक समतोल असतो: जितका वायू येतो, तितका वनस्पती घेतात आणि उरलेला हवेत जातो. वीज गेली म्हणजे पंप थांबतो, पाणी पडणे थांबते, पृष्ठभाग निश्चल होतो आणि दिवे विझल्याने वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषणही थांबते. खर्चाच्या तिन्ही वाटा अशा आटल्या असताना, हाताने फिरवावयाच्या झडपेतून वरच्या पेटीत वायू येतच राहतो. नाशाची भरपाई म्हणून ज्याने वायू अधिक सोडलेला असतो, त्याच्या पेटीत हे संकट अधिक त्वरेने ओढवते.

यास्तव आमचे स्पष्ट मत असे की, ज्या पेटीस सम्प आहे तिच्या सिलिंडरवर वीज जाताच आपोआप मिटणारी विद्युत् झडप असलीच पाहिजे, आणि ती व पंप एकाच जोडणीवर असले पाहिजेत. झडप इन्व्हर्टरवर आणि पंप साध्या विजेवर, ही रचना तर झडप नसण्याइतकीच घातक होय. दिवे मालवण्यापूर्वी वायू बंद व्हावा. साखर व यीस्ट यांची बाटली स्वस्त खरी. पण तीतील आंबण्याची क्रिया कळ दाबून थांबविता येत नाही, म्हणून रात्री व सुटीत निर्जन असणाऱ्या शाळेत ती ठेवू नये.

विद्युत् झडपेचा खर्च शाळांना परवडणार नाही, असा आक्षेप येईल. त्यावर आमचे उत्तर असे की, मग वायूच नको. मध्यम प्रकाशात व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला किंवा जावा फर्न या वनस्पती वायूवाचून उत्तम वाढतात, आणि त्यांच्यासह सम्प निर्धास्तपणे वापरता येतो. ज्यांस वायू द्यावयाचाच आहे, त्यांनी ब्रोमोथायमॉल ब्ल्यूची दर्शक कुपी पेटीत लावावी. तीतील रंग निळा असता वायू कमी, हिरवा असता योग्य व पिवळा असता अति समजावा. मात्र हा रंग तास-दोन तास मागे असतो, हे ध्यानात ठेवावे. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर रंगाची वाट न पाहता प्रथम वायू बंद करावा आणि तांब्याने पाणी उपसून पुन्हा ओतीत राहावे.

वनस्पतीस वायू कमी पडला तर तिची वाढ खुंटते, आणि ती चूक उद्या सुधारता येते. माशाच्या बाबतीत तशी सवड मिळत नाही.