डोकं कोणाचं आणि हेल्मेट कोणासाठी?

मंडळी, आधी एक कबुली देतो, म्हणजे नंतर कोणी आठवण करून द्यायला नको. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विरोधाच्या एका निवेदनावर माझीही सही होती. "गर्दीत ताशी वीसनं जाणाऱ्याला हेल्मेट कशाला?", "मान दुखते", "मागचा हॉर्न ऐकू येत नाही" ही सगळी वाक्यं मी कट्ट्यावर मोठ्या आवाजात म्हटलेली आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यातलं कलम १२९ हेल्मेटचं आहे, हेही मला ठाऊक होतं. तरी सही केली. कोणी 'केलंच पाहिजे' म्हटलं की 'मुळीच करणार नाही' म्हणायचं, ही आपली जुनी खोड.

मी इतिहास शिकवायचो, म्हणून वर मुळशी सत्याग्रहाचा दाखलाही दिला होता. सक्तीला नाही म्हणणं हा आमच्या तालुक्याचा वारसा आहे, वगैरे. आता लाज वाटते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि इथले मावळे जमिनी पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून लढले. आम्ही कशासाठी लढलो? स्वतःचं डोकं फोडून घेण्याच्या हक्कासाठी!

असो. आता मूळ विषयाकडे येतो.

आमच्या धाकट्या नातवाला ऑटोक्रॉसचं वेड आहे. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना हा प्रकार माहीत नसेल, म्हणून सांगतो. मोकळ्या माळावर मातीचा वळणावळणाचा मार्ग आखतात. त्यावर एका वेळी एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. कमी वेळेत जो पोचेल तो पुढे. मोठ्या रॅलीचा हा बालवर्ग म्हणा. हौशी मुलं घरची जुनी गाडी घेऊन उतरतात. पुण्याच्या संजय टकले यांच्यासारखे रॅलीपटू परदेशातल्या मोठमोठ्या स्पर्धांत उतरले, त्यामुळे इकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर एक चित्र आहे. त्यात मला वाईट काही दिसत नाही.

"आजोबा, एकदा बघायला तरी चला," म्हणून तो मला घेऊन गेला. पौडच्या पुढे, भाताची खाचरं संपून माळ सुरू होतो, तिथे. हिवाळ्याचे दिवस, सगळीकडे मुरमाची लाल धूळ, कडेला जुने टायर रचलेले. नातवाची जुनी मारुती. तिला नवे टायर, नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि कान किटवणारा सायलेन्सर. खर्चाचा आकडा मला सांगितला गेला नाही, यावरूनच मी काय ते समजलो. आणि हेल्मेट? रस्त्याच्या कडेला दोरीला टांगून विकतात त्यातलं, साडेतीनशे रुपयांचं. मागे आयएसआयचा स्टिकर, तोही नखानं निघेल असा.

दुपारी दुसऱ्या एका मुलाची गाडी वळणावर आडवी झाली. त्याच्या गाडीत लोखंडी पाइपांचा पिंजरा होता. मुलगा हसत बाहेर आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्याच्या हेल्मेटकडे लक्ष गेलं. डाव्या बाजूला, पाइपावर आपटलं तिथे, बोटभर खोल चेपलं होतं. आणि त्यानंतर जे झालं त्यासाठी हा लेख लिहितोय. आमच्या चिरंजीवांच्या हेल्मेटचा पट्टा नेमका तेव्हाच तुटला होता. त्या मुलानं मोठ्या मनानं आपलं हेल्मेट काढून याच्या हातात दिलं. "घे, अजून चांगलं आहे."

मी उठलो आणि चाळीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात "थांबा!" म्हटलं. नातवाची फेरी हुकली. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. नंतरचे दोन दिवसही नाही.

मी चुकलो का? त्या दोन दिवसांत मी खूप वाचलं, शाळेतल्या जुन्या विज्ञान शिक्षकांना फोन करून पिडलं. तर माझं म्हणणं असं.

पहिला युक्तिवाद वेगाचा. "आजोबा, दुसऱ्या गिअरवर असतो, साठच्या वर काटा जात नाही." बरं. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर. एवढा वेग यायला वस्तू साधारण चौदा मीटर उंचीवरून पडावी लागते, म्हणजे चार-पाच मजले. चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्याला आपण 'फार उंच नव्हतं' असं म्हणतो का?

दुसरा युक्तिवाद बंद गाडीचा. चारही बाजूंनी पत्रा आहे, डोक्याला काय होणार? अहो, पत्रा आहे म्हणूनच होणार! दुचाकीवरून माणूस फेकला जातो, डोकं रस्त्यावर आपटतं. गाडीत तो पट्ट्यानं जागेवर बांधलेला असतो आणि डोकं त्याच खांबावर, त्याच पाइपावर पुन्हा पुन्हा आपटू शकतं. शिवाय मागे पेट्रोलची टाकी असते आणि खिडकीतून चटकन बाहेर पडता येतंच असं नाही. म्हणजे संकट वेगळं, तर हत्यारही वेगळंच हवं. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. भात कापायला तो कुऱ्हाड नेत नाही.

हा फरक शिकायला जगानं किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत पीट स्नेल नावाचा हौशी मोटार शर्यतपटू होता. १९५६ साली शर्यतीत त्याचं डोकं आपटलं. त्या काळी चांगलं समजलं जाणारं हेल्मेट त्यानं घातलेलं होतं. ते कामी आलं नाही, तो गेला. १९५७ साली त्याच्या नावानं स्नेल मेमोरियल फाउंडेशन स्थापन झालं. हेल्मेटं आपटून, जाळून तपासणं हेच त्यांचं काम. त्यांच्या मानकांत मोटारसायकलसाठी 'एम' आणि मोटार शर्यतीसाठी 'एसए' अशी वेगवेगळी अक्षरं आहेत. एसए हेल्मेट पिंजऱ्याच्या पाइपासारख्या लोखंडी दांड्यावर आपटून बघतात आणि ज्योत धरून ते पेट घेतं का तेही बघतात. एम हेल्मेटाला या दोन्ही परीक्षा नाहीत. मात्र एममध्ये बाजूचं जास्त दिसतं, कारण मोटारसायकलवाल्याला त्याची गरज असते. दर पाच वर्षांनी मानक नवं होतं: एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५. आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयए याचं ८८५९ हे मानकही मोटारींसाठीच आहे.

आपलं आयएसआय म्हणजे आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी ही खूण नसलेलं हेल्मेट विकता येत नाही, हे उत्तमच झालं. पण ते मानक दुचाकीचं आहे. 'आयएसआय आहे ना, मग झालं' असं म्हणणाऱ्यानं ते कुठल्या परीक्षेत पास झालंय ते विचारावं. मराठीत पहिला आलेल्याला आपण गणिताचे गुण देत नाही. उलटही खरं. एसए हेल्मेट आलं म्हणून ते घालून स्कूटरवर भाजी आणायला जाऊ नये, तिथे आयएसआयचंच घालावं. दोन कामं, दोन हेल्मेटं.

तिसरा युक्तिवाद पैशांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. नातवाला साध्यातल्या साध्या एसए हेल्मेटचा भाव तीस हजारांच्या पुढे सांगितला गेला. माझ्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगारापेक्षा कितीतरी जास्त! पण मग टायर? शॉक अॅब्सॉर्बर? तो सायलेन्सर? वेग वाढवायला पैसे आहेत आणि वेग अंगावर आला तर लागणाऱ्या वस्तूला नाहीत, याला गरिबी म्हणत नाहीत. खरोखर नसतील तर एक वर्ष थांबावं, माळ कुठे पळून जात नाही. आणि काटकसर म्हणून दुसऱ्याचं वापरलेलं मुळीच घेऊ नये. हेल्मेटाच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. तो दाबला जाऊन मार स्वतः सोसतो, पण दाबला की पुन्हा फुगत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, त्याचं काम करून झालेलं असतं. त्या मुलाचं हेल्मेट त्याच्याशी इमान राखून संपलं होतं. ते मित्राला देणं म्हणजे जळलेली काडी पुन्हा पेटीत ठेवणं. न आपटलेलंसुद्धा पाच वर्षांनी बदलावं असं स्नेलवाले सांगतात.

काही उत्साही मंडळी लगेच मानेच्या 'हॅन्स' उपकरणाचं नाव काढतील. २००१ साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला, तेव्हापासून त्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं. चांगलीच वस्तू आहे. पण ती दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांखाली बसते. कंपनीच्या साध्या तीन टोकांच्या पट्ट्याबरोबर तिचा उपयोग नाही. तोवर निदान हेल्मेट वजनाला हलकं घ्यावं, कारण झटका बसला की ते ओझं मानेलाच ओढतं.

आता चौथा युक्तिवाद, तो आमच्या पिढीचा. "हे खेळच बंद करा." हा सगळ्यात आळशी युक्तिवाद. बंद केले तर मुलं तीच गाडी रात्री ताम्हिणीच्या घाटात नेतील. तिथे घड्याळही नसेल आणि रुग्णवाहिकाही नसेल.

माझा खरा राग मुलांवर नाहीच, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांवर आहे. आपण वर्षानुवर्षं भांडलो ते घालायचं की नाही एवढ्यावरच. कुठलं घालायचं, कसं बसायला हवं, कधी फेकायचं, यावर एक वाक्य बोललो नाही. हेल्मेट म्हणजे चौकातल्या हवालदाराला दाखवायची वस्तू, हे मुलं आपल्याकडूनच शिकली. मग चौकात हवालदाराला दाखवायचं, माळावर तपासनिसाला दाखवायचं, आणि डोक्याचा संबंध कुठेच नाही. तपासनिसानं पास केलं म्हणजे किमान अट भरली, एवढंच. स्पर्धेची नियमावली जरूर वाचावी, पण ती वाचून झाल्यावर आरशात आपल्या डोक्याकडेही एकदा बघावं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव स्वयंपाकघरात आले आणि काही न बोलता आजीच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून माझ्यापुढे उभे राहिले. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवली. अठ्ठावन्न सेंटिमीटर. सायलेन्सर विकला, थोडे मी घातले, थोडे त्यानं साठवले. हेल्मेट आलं त्या दिवशी त्याला ते अर्धा तास घालून बसवलं. कुठे टोचतंय का ते पाहिलं, पट्टा आवळून मागून पुढे ढकललं, निघतंय का ते पाहिलं. गाल दाबले जायला हवेत, कपाळ दुखायला नको. आजीनं चहा आणून ठेवला आणि त्याला तो पिता येईना.

मागे एसए २०२० ची चिठ्ठी आहे. ती आतल्या कापडाखाली असते, बाहेरून कोणाला दिसतही नाही.

निवेदनावरची माझी सही आता मागे घेता येत नाही. म्हणून हे लिहिलं.