चौथं वर्ष कशाला?

"पी.आर. शिकायला चार वर्षं? अगं, गोड बोलायला कोणी डिग्री घेतं का?"

हे वाक्य माझं. स्थळ आमचं घर, वेळ दिवाळीच्या सुट्टीतली, मध्ये चकल्यांचा डबा. समोर धाकटी बहीण, मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला. घरात वाद पेटला होता. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांत १२० क्रेडिट झाली की पदवी घेऊन बाहेर पडता येतं, नाहीतर चौथं वर्ष करून १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी घेता येते. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी प्रबंध लिहून 'संशोधनासह ऑनर्स'. हिला तेच करायचंय, आणि विषय जनसंपर्क! बाबा म्हणाले, तीन वर्षांत सुटका होतेय तर नोकरी बघ, नाहीतर एमबीए कर. मी अर्थातच बाबांच्या पार्टीत.

ती एवढंच म्हणाली, "दादा, तुझं चौथं वर्ष कशाला, असं कोणी विचारलं का रे कधी?"

मित्रांनो, खरं सांगा, आपल्याला कोणी विचारलंय? सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं जर्नल उतरवून काढणारे आपण, पण बी.ए., बी.कॉम.वाले टाइमपास करतात याबद्दल आपली खात्री असते. ऑनर्स तर आपल्याकडेही आहे. नेहमीच्या क्रेडिटवर आणखी अठरा-वीस घ्यायची. ती का घेतो? रेझ्युमेवर एक ओळ वाढते म्हणून. निदान मी तरी दुसरं कारण ऐकलेलं नाही.

असो. माझं डोकं ठिकाणावर आलं ते फेब्रुवारीत, आणि ती गोष्ट तुम्हा सगळ्यांना अर्धवट माहीत आहे. उरलेली अर्धी आज सांगतो.

फेस्टच्या दुसऱ्या दिवशी रोबोवॉरमध्ये एका बॉटचं पातं दुसऱ्याच्या लिथियम पॉलिमर बॅटरीत घुसलं. धूर, मग जाळ. वाळूची बादली स्टेजमागे पडलेली. फर्स्ट इयरचा एक व्हॉलंटियर बॉट ओढायला पुढे गेला आणि त्याचा तळहात भाजला. पब्लिसिटी हेड कोण? अस्मादिक! तासाभराने मी सूचना टाइप करून सगळ्या ग्रुपवर टाकली: 'किरकोळ तांत्रिक कारणामुळे रोबोवॉर स्पर्धा तात्पुरती स्थगित करण्यात आली आहे. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.' खोटं सांगतो कशाला, लिहिल्यावर मला भारी वाटलं होतं. एकदम सरकारी!

संध्याकाळपर्यंत 'दोन जण आयसीयूत' झालं होतं. रात्री ते परभणीला पोचलं. त्या मुलाच्या शेजारचा कोणी आपल्याच कॉलेजात आहे, त्याच्याकडून. मुलाचा फोन चार्जिंगला, हॉस्टेलवर. त्याची आई रात्रीच्या एसटीने निघाली. पहाटे गेटवर आली तेव्हा चिरंजीव हाताला बँडेज बांधून डाव्या हाताने पोहे खात होते. मी तिथेच होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पोरा, एक फोन तर करायचा होता."

घरी गेल्यावर मी ती सूचना बहिणीला दाखवली. तिने लाल पेन घेतलं. 'किरकोळ' खाली रेघ: कोणासाठी किरकोळ? 'स्थगित करण्यात आली आहे': कोणी केली? का केली? परत कधी सांगणार? 'अफवांवर विश्वास ठेवू नये': तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, मग लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर? आणि मग तिने मान वर करून विचारलं, "त्याच्या घरी पहिला फोन कोणी केला?" कोणीच नाही. तिच्या मते पी.आर. तिथून सुरू होतं, माझी सूचना त्यानंतर येते.

मग तिने आयव्ही ली नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. अपघात झाला की कंपन्यांनी तोंड बंद ठेवायचं, ही तेव्हाची रीत. रेल्वेचं काम बघणाऱ्या लीने उलट कंपनीतर्फे पत्रकारांना निवेदन दिलं. जगातलं पहिलं प्रेस रिलीज म्हणून तेच सांगतात. मी म्हटलं, वा, हीरो! तर म्हणे थांब. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो इथे खाणकामगारांच्या संपात गोळीबार झाला, कामगारांची बायका-मुलंसुद्धा मेली. त्यानंतर हाच ली रॉकफेलर कुटुंबासाठी काम करू लागला. मालकांच्या बाजूने त्याने जी पत्रकं काढली त्यात चुकीची माहिती होती. वरून आलेली माहिती त्याने तपासलीच नव्हती. तोच माणूस, तेच कसब...

एजन्सीत सहा महिने काढले की प्रेस नोट लिहिता येते, हे ती स्वतःच कबूल करते. बाबांच्या मुद्द्यात तेवढं तथ्य आहे. पण वरून आलेली माहिती तपासायची कशी आणि 'नाही, हे मी लिहिणार नाही' म्हणायचं कधी, हे पहिल्या नोकरीत कोण शिकवणार? बॉस?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. एफडीएने तपास सुरू केला. कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर दुकानदार माल नीट साठवत नाहीत. असेलही तसं. पण लोकांना ते पटलं नाही. जानेवारी २००४ मध्ये अमिताभ बच्चन जाहिरातीत आले हे सगळ्यांना आठवतं. त्याच सुमाराला वेष्टन बदललं, आत सील केलेला अॅल्युमिनियम फॉइल आला, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणजे विश्वास परत मिळवण्यात निम्मं काम पॅकेजिंगवाल्या इंजिनिअरचं होतं! तो आणि पी.आर.वाला एका टेबलावर बसले नाहीत तर एकाकडे नवं वेष्टन असेल आणि दुसऱ्याकडे नुसता अमिताभ.

बहिणीच्या प्रबंधाचा विषय ऐकून तर मी गार झालो. पाणीकपातीच्या सूचना लोकांना कळतात का? 'अमुक जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामास्तव तमुक जलकुंभावर अवलंबून असणाऱ्या भागात' वगैरे आपण वाचतो, आणि मग शेजारच्या काकूंना विचारतो, उद्या पाणी आहे का हो? हिला तीन वॉर्डांत प्रश्नावली घेऊन फिरायचंय. चाळीत, सोसायटीत, वस्तीत. तीच सूचना दोन प्रकारे लिहून कोणती कळते ते मोजायचंय. सॅम्पल किती, तीस घरांवर आधी चाचणी, कोण घरी नसतं त्याचं काय करायचं... सगळं वहीत लिहून ठेवलंय. माझ्या बी.ई. प्रोजेक्टमध्ये आम्ही रीडिंग किती वेळा घेतली, हे इथे छापणं योग्य नाही. गाईड हे मासिक वाचतात.

बाबा अजून पूर्ण मानलेले नाहीत. परवा फोनवर "फी किती म्हणालीस?" एवढं विचारलं. आईच्या मते हे जवळजवळ 'हो' आहे. फॉर्म जूनमध्ये निघतील. मी मात्र पार्टी बदलली आहे. यंदाच्या फेस्ट टीमला मी एकच गोष्ट करायला लावली: व्हॉलंटियर्सच्या यादीत घरच्यांच्या फोन नंबरचा रकाना. आणि वाळूची बादली स्टेजच्या पुढे.

हा लेख छापायच्या आधी बहिणीने वाचायला मागितला होता. दिला नाही. लाल पेन अजून तिच्याकडेच आहे.