एकरंगी झाडाच्या विरोधात

नाताळ जवळ आला की मडगाव-पणजीच्या दुकानांतून अलीकडे एक उपदेश ऐकू येतो. झाड सजवायचे तर एकाच रंगसंगतीत सजवा. या वर्षी रुपेरी आणि निळा, पुढच्या वर्षी सोनेरी आणि तांबडा. एकसारख्या चोवीस गोळ्यांचा संच घ्या, त्याच रंगाच्या फिती, त्याच रंगाची चांदणी. घरात जे जुने, विटलेले, एकमेकांशी न जुळणारे असेल ते दृष्टीआड करा. दुकानदाराने हे सांगावे यात नवल नाही. माल खपवणे हा त्याचा धर्मच आहे. परंतु शिकलेली, स्वतःला रसिक म्हणवणारी मंडळीही हा उपदेश निष्ठेने पाळू लागली आहेत आणि त्याला सौंदर्यदृष्टी असे भारदस्त नाव देत आहेत. या सौंदर्यदृष्टीशी आमचे भांडण आहे.

आमच्यासारख्या हिंदू घरातल्या माणसाने नाताळच्या झाडाविषयी का लिहावे, आणि तेही मराठी निबंधपत्रिकेत, असा प्रश्न कोणी करील. त्याला उत्तर असे की, 'नाताळ' हा शब्दच मराठीने पोर्तुगीजांकडून घेऊन चार शतके आपलासा करून टाकला आहे. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली सासष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत तेव्हापासून आहे. आणि ग्रंथांचा पुरावा बाजूला ठेवला तरी, शेजारच्या अंगणातला गोठा आणि ओसरीवरचे झाड पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. दिवाळीला आमच्या घरून फराळाचे ताट तिकडे जाई, नाताळाला तिकडून नेवऱ्या आणि दोदोल येई. ज्या घराचे गोड खाल्ले, त्या घराविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांला नक्कीच पोचतो.

त्या घरातल्या आजीला तिची नातवंडे शामाय म्हणत, म्हणून आम्हीही शामायच म्हणत असू. झाड म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली सुरूची फांदी, वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात रोवलेली. देवदार आमच्याकडे कुठला उगवायला! पण फांदीपेक्षा महत्त्वाचा होता तो बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. शामायचा नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. दर खेपेला तो कुठल्या ना कुठल्या बंदरातून झाडावर टांगायची एक वस्तू घेऊन येई. एकच, कारण दुसरीला पैसे नसत. त्या डब्यात हॅम्बुर्गहून आलेला, काचेच्या तंतूंची शेपटी असलेला पक्षी होता. थोरल्या मुलाने शाळेत सिगारेटच्या चंदेरी कागदाची केलेली चांदणी होती. धाकटीचा पहिल्या वर्षाचा लोकरी मोजा होता, आणि रंगीत कागदात गुंडाळलेली एक काडेपेटी होती, जिच्यात काय आहे हे कोणालाही विचारू दिले जात नसे.

सजावटीच्या संध्याकाळी शामाय आरामखुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसे. एकेक वस्तू कापसातून बाहेर काढी, ती कोणी कधी आणली ते सांगी आणि मग ज्याच्या त्याच्या हाती देई. पक्षी थोरल्यानेच लावायचा, मोजा धाकटीनेच. शेजारच्या पोरांना, म्हणजे आम्हांला, लोकरीचा एक तांबडा गोंडा ठरलेला होता. पंचवीस-तीस वस्तू टांगायला दोन तास लागत. मध्येच कोणी हसे, मध्येच शामाय गप्प होई. नवरा बोटीवर असे त्या वर्षी जरा अधिकच. आवाज फारसा नसे, गाणीही नसत. जगातल्या निवांत सुखांपैकी एक आम्ही त्या ओसरीवर पाहिले, असे आज वाटते.

काही वर्षांपूर्वी त्या ओसरीवर रुपेरी-निळे झाड आले. दिसायला नेटके होते, हे आम्ही नाकारत नाही. सजवायला पाऊण तास लागला आणि एकही गोष्ट कोणाला सांगावी लागली नाही. डबा मागच्या दारी, भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या रद्दीवर जाऊन पडला. शामायने झाड पाहिले, 'बरे दिसते' म्हणाली आणि आत गेली. आम्ही तो डबा मागून घरी आणला. पुढच्या पावसाळ्यात शामाय वारली. आज डबा आमच्या कपाटात आहे आणि त्यातल्या चाळीसएक वस्तूंपैकी अकरांचीच हकीकत आम्हांला आठवते. बाकीच्या, आम्ही नोकरीनिमित्त गाव सोडल्यावर त्यात पडलेल्या असोत की बालपणी ऐकून विसरलेल्या, आता मुक्या आहेत. काडेपेटी आम्ही अजून उघडलेली नाही.

कोणी म्हणेल, जुन्या वस्तूही बाजारातूनच आल्या होत्या; मग त्यांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे आम्हांला मान्य नाही. स्ट्रासबुर्ग शहरातल्या १६०५ सालच्या एका नोंदीत घरोघर उभारलेल्या झाडांवर रंगीत कागदाची फुले, सफरचंदे आणि मिठाई टांगल्याचा उल्लेख आहे. तेव्हा सजावट पुष्कळशी घरची होती. पुढे जर्मनीतल्या थुरिंजियाच्या डोंगरात लाउशा या काचकामाच्या गावी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पोकळ काचेचे गोळे होऊ लागले. घर हाच कारखाना होता. बाप ज्योतीवर काच फुंकी, आई आतून रुप्याचा मुलामा देई, मुले रंग देत आणि टोप्या बसवत. शामायच्या पक्ष्यासारखे काचतंतूंच्या शेपटीचे पक्षीही तेथे होत. १८८० च्या सुमारास वूलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने हा माल विकायला घेतला, आणि १९३९ साली तर कॉर्निंग कंपनीने विजेच्या दिव्यांचे काचगोल बनवणाऱ्या यंत्रावरच हे गोळे काढले. तेव्हा बाजार या झाडापाशी आज प्रथमच आला, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु त्याच यंत्रमालाची पुढची कथा पाहा. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली. गोळ्याच्या आतला रुपेरी मुलामा गेला, नुसत्या पारदर्शक काचेवर रंगाचे चार पट्टे राहिले. वरची धातूची टोपी जाऊन पुठ्ठ्याची आली. हजारोंनी निघालेला तो माल. पण ज्या अमेरिकन घराने तसला एखादा गोळा जपला, त्या घरात पुठ्ठ्याची टोपी हाती येताच युद्धाची वर्षे आणि तेव्हा दूर असलेली माणसे आठवतात. वस्तू बाजारातून येते हे खरे; ती घरची होते ती वर्षानुवर्षे कापसातून निघून त्याच हातांनी टांगली गेल्यामुळे. दर वर्षी रंग बदलणारे झाड तिला हा अवधीच देत नाही. आमची तक्रार आहे ती एवढीच.

हान्स अँडरसनची देवदाराच्या झाडाची गोष्ट १८४४ सालची आहे. एका रात्रीच्या थाटानंतर ते झाड माळ्यावर जाते आणि शेवटी जळते. त्याच्या शेंड्यावरची सोनेरी चांदणी मात्र घरातला धाकटा मुलगा छातीवर लावून खेळतो. झाड चार दिवसांचे असते, हे अँडरसनला ठाऊक होते. टिकायचे ते वर टांगलेले. आमच्या नव्या रसिकांनी उलटा व्यवहार केला आहे: झाड प्लास्टिकचे, वर्षानुवर्षे टिकणारे, आणि त्यावरच्या वस्तू मात्र दर वर्षी बदलायच्या.

'भावनांचा हा पसारा लहान सदनिकेत ठेवायचा कुठे?' असेही विचारले जाते. शामायचे सारे आयुष्य एका बिस्किटांच्या डब्यात मावले होते. निळ्या-रुपेरी गोळ्यांचे खोके त्याहून मोठे आहे. आणि रंगसंगतीचे म्हणाल, तर ती हॉटेलच्या दर्शनी दालनात अवश्य असावी. तेथे कोणाचे बालपण गेलेले नसते.

आम्ही हिंदूंनी या प्रकरणी शेजाऱ्यांकडे बोट दाखवून सुटू नये. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात, तिच्यातले कुठले फळ कोणी कुठल्या डोंगरातून आणले हे आमच्या वडिलांना तोंडपाठ असे. आज ती बाजारातून जुडीने येते आणि फळांची नावे मुलांना ठाऊक नसतात. रोग एकच आहे, घरे तेवढी दोन.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे: नवे घेऊ नका असे आम्ही सांगत नाही, नव्या सुनेची, नव्या जावयाची वस्तू झाडावर आलीच पाहिजे. पण वर्षाला एक घ्या, चोवीस नकोत. जुना डबा रंग जुळत नाही म्हणून मागच्या दारी ठेवू नका. आणि घरात कोणी वडीलधारे अजून असेल, तर या नाताळात त्यांना खुर्चीत बसवून डबा त्यांच्या मांडीवर द्या, ते सांगतील ते ऐका आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधा. आमच्या कपाटातल्या डब्याला तशा चिठ्ठ्या नाहीत. शामायची नातवंडे परदेशातून कधी तो मागायला आली, तर आम्ही त्यांना अकरा गोष्टी सांगू शकू. बाकीच्यांसाठी आमच्याजवळ नुसता कापूस आहे.